परक्याचें युद्ध

युद्धांत माणूस माणसाला मारतो आणि समाज त्याला खुनी म्हणत नाहीं, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चालतों कीं तिच्यामागील विचार सहसा कोणी उकलून पाहत नाहीं. तो विचार असा, कीं सैनिकाच्या हातून जें घडतें त्याचें उत्तरदायित्व त्याच्या एकट्यावर नसतें. राजानें किंवा राष्ट्रानें तें आपल्या शिरावर घेतलेलें असतें. ज्या भूमीनें त्याला वाढविलें आणि ज्या कायद्यानें त्याचें रक्षण केलें, त्यांनीं हाक दिली आणि तो गेला. त्या हाकेंतील न्यायान्याय निवडीत बसण्याचें काम त्याचें नव्हे. हें समर्थन निर्दोष आहे असें नाहीं. न्यूरेंबर्ग येथें १९४५-४६ सालीं चाललेल्या खटल्यानें त्याला मोठें भगदाड पाडलें, आणि वरिष्ठांच्या आज्ञेची ढाल सर्वत्र चालत नाहीं हें जगाला बजावलें. तरीपण सामान्य शिपायाला लढाईनंतर पुन्हां माणसांत येऊन राहतां येतें, मुलांना मांडीवर घेतां येतें, तें बव्हंशीं याच समर्थनाच्या आधारावर.

आतां असा एक तरुण डोळ्यांपुढें आणावा, कीं ज्याच्या देशाचें कोणाशींहि युद्ध चाललेलें नाहीं. त्याला कोणी हाक दिलेली नाहीं. उलट त्याच्या देशाचा कायदा त्याला जाऊं नको म्हणून बजावीत आहे. असें असून तो समुद्र ओलांडून जातो, परक्या राष्ट्राच्या विमानदळांत नांव घालतो, आणि ज्यांनीं त्याचें किंवा त्याच्या गांवाचें कधीं कांहीं वांकडें केलेलें नाहीं अशा माणसांवर आकाशांतून गोळ्या झाडतो. त्याच्या कृत्याचें उत्तरदायित्व कोणीं घ्यावयाचें? भाषेनें अशा माणसासाठीं दोन शब्द तयार ठेवले आहेत. तो आपल्या बाजूनें आला तर स्वयंसेवक, आणि शत्रूच्या बाजूनें गेला तर भाडोत्री. शब्दांची ही वांटणी सोयीची असली तरी तिच्यांत विचार मुळींच नाहीं.

हा प्रश्न पायदळांतील स्वयंसेवकाविषयींहि विचारतां येईल. पण वैमानिकाच्या बाबतींत तो अधिक स्वच्छ दिसतो; कारण वैमानिक गर्दींत हरवत नाहीं. त्याचें कौशल्य दुर्मिळ, त्याचें शस्त्र महाग, आणि कोणावर झडप घालावी हें पुष्कळ वेळां त्यालाच क्षणार्धांत ठरवावें लागतें. शिवाय विसाव्या शतकांतील बहुतेक मोठ्या युद्धांत असे वैमानिक होऊन गेले आहेत, आणि त्यांच्याविषयींची माहितीहि विपुल आहे.

आपल्याकडे युद्धनीतीचा विचार निघाला कीं अर्जुन आठवतो. पण अर्जुनाची अडचण या माणसाच्या अगदीं उलट होती. अर्जुनाला समोर सगळे आपलेच दिसले, म्हणून त्याच्या हातून धनुष्य गळालें. या वैमानिकाचें दोन्ही बाजूंस आपलें असें कोणीच नाहीं, आणि तरी तो धनुष्य उचलतो. गीतेनें अर्जुनाला दिलेलें उत्तर स्वधर्माचें आहे, आणि जो आपल्या नेमून दिलेल्या कर्तव्याच्या बाहेर येऊन उभा राहिला त्याला तें उत्तर पुरत नाहीं. त्याच्याशीं अधिक जवळचें पात्र उद्योगपर्वांत सांपडतें, आणि तें आपल्या विदर्भाचेंच आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी सैन्य घेऊन पांडवांच्या छावणींत आला आणि तुला भय वाटत असेल तर मी साह्याला आहें, असें अर्जुनाला म्हणाला. अर्जुनानें त्याला हंसून वाटेला लावलें. मग तो दुर्योधनाकडे गेला. त्यानेंहि त्याला नको म्हटलें. रुक्मीजवळ सैन्य होतें आणि शौर्यहि होतें. पण न्याय कोणाच्या बाजूचा याविषयीं त्याला कांहींच म्हणावयाचें नव्हतें. याच्या उलट युयुत्सूचें उदाहरण. धृतराष्ट्राचाच हा मुलगा युद्धाच्या तोंडाशीं भावांना सोडून पांडवांकडे आला, आणि त्याला मात्र युधिष्ठिरानें मिठी मारली. परक्याच्या बाजूनें उभें राहणाऱ्या माणसाचें मूल्य त्याच्या शौर्यावरून ठरवूं नये, एवढी सूचना व्यासांनीं या दोन कथांत करून ठेवली आहे. तें कशावरून ठरवावें, हें मात्र आपलें आपणच शोधावयाचें आहे.

पहिल्या महायुद्धांत अमेरिका १९१७ च्या एप्रिलपर्यंत तटस्थ होती. पण त्यापूर्वींच एक वर्ष, १९१६ च्या एप्रिलांत, फ्रान्सच्या विमानदळांत अमेरिकन वैमानिकांची एक निराळी तुकडी उभी राहिली. तिचा नायक फ्रेंच, कॅप्टन थेनो. वैमानिक मात्र नॉर्मन प्रिन्स, विल्यम थॉ, व्हिक्टर चॅपमन, किफिन रॉकवेल असे अमेरिकन, कित्येक सुखवस्तु घरांतले, कांहीं हार्वर्डसारख्या विद्यापीठांत शिकून आलेले. तटस्थ राष्ट्राचे नागरिक आपल्याविरुद्ध लढतात अशी तक्रार जर्मनीनें केली, तेव्हां 'अमेरिकन तुकडी' हें तिचें नांव बदलून तिला लाफायेतचें नांव देण्यांत आलें. नांव बदललें तोंपर्यंत चॅपमन व्हर्दनच्या बाजूस पडला होता, रॉकवेल सप्टेंबरांत गेला होता आणि प्रिन्स ऑक्टोबरांत.

या तरुणांपुढें एक कायद्याची अडचण होती. परक्या सत्तेशीं निष्ठेची शपथ घेणाऱ्या अमेरिकनाचें नागरिकत्व त्या काळच्या कायद्यानें नष्ट होत असे. म्हणून ते प्रथम फ्रान्सच्या परदेशी पलटणींत, म्हणजे 'फॉरेन लीजन'मध्यें, नांव घालीत. कारण त्या पलटणींत शिरणाऱ्याला फ्रान्सशीं निष्ठेची शपथ घ्यावी लागत नसे. १९४० सालीं इंग्लंडांत तोच पेंच पुन्हां पडला. तेथेंहि अमेरिकन वैमानिकांना राजनिष्ठेची शपथ माफ झाली आणि वरिष्ठांच्या आज्ञा पाळीन एवढें वचन पुरेसें मानलें गेलें. त्यांचें पहिलें 'ईगल' पथक त्याच वर्षीं सप्टेंबरांत निघालें. पुढें आणखी दोन निघालीं, आणि १९४२ च्या सप्टेंबरअखेर तिन्ही पथकें अमेरिकेच्या स्वतःच्या विमानदळांत वर्ग झालीं.

आज्ञापालन द्यावयाचें आणि निष्ठा राखून ठेवावयाची, ही युक्ति वरवर पाहणाऱ्याला वकिली वाटेल. ब्रिटिश अमदानींतील आपल्या आजोबा-पणजोबांना ती तशी वाटली नसती. साहेबाच्या कचेरींत चोख काम करून निष्ठा दुसरीकडे ठेवणारे कितीतरी गृहस्थ त्या पिढींत होऊन गेले. पण येथें मुद्दा सोयीचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. निष्ठा संपूर्ण देऊन टाकणाऱ्याचा भार निष्ठा घेणारा कांहीं अंशीं उचलतो. ज्यानें ती दिली नाहीं त्याचा भार त्याच्याकडेच राहिला. दररोज सकाळीं विमानांत चढतांना, हें युद्ध अजून लढण्याजोगें आहे काय, हा प्रश्न फ्रेंच शिपायाला विचारण्याचें कारण नव्हतें. चॅपमन आणि रॉकवेल यांना मात्र तो टाळतां येण्यासारखा नव्हता. स्वयंसेवकाची नैतिक स्थिति सामान्य सैनिकापेक्षां अधिक उजळ असते असें मला वाटत नाहीं. ती अधिक उघडी असते.

येथवर 'आपला देश' आणि 'परका देश' हे शब्द सरळ अर्थानें आले. सर्वांच्याच बाबतींत ते इतके सरळ नसतात. जॉर्जिया संस्थानांतील कोलंबस येथें १८९५ सालीं जन्मलेला यूजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या जाचाला कंटाळून लहानपणींच घर सोडून निघाला आणि फिरत फिरत फ्रान्सला पोंचला. तो फ्रान्सच्या पायदळांत लढला, व्हर्दन येथें जखमी झाला, आणि १९१७ सालीं फ्रेंच विमानदळाचा वैमानिक झाला. त्याच वर्षीं अमेरिका युद्धांत उतरली. फ्रान्सच्या सेवेंत असलेल्या अमेरिकन वैमानिकांना स्वदेशाच्या विमानदळांत घेण्याचें ठरलें, तेव्हां बुलार्डनेंहि अर्ज केला. त्याला घेतलें नाहीं; नाकारण्याचें कारण त्याच्या कातडीचा रंग हेंच होतें. या माणसाचा आपला देश कोणता आणि परका कोणता? १९५९ सालीं फ्रान्सनें त्याला 'लेजियाँ दॉनर'चा सन्मान दिला, तेव्हां तो न्यूयॉर्कच्या एका उंच इमारतींत लिफ्ट चालवीत होता. १९६१ सालीं तो वारला, आणि अमेरिकन विमानदळानें त्याला लेफ्टनंटचा हुद्दा बहाल केला तो १९९४ सालीं.

आपल्याकडील हरदित सिंग मलिक यांची हकीगत याच जातीची आहे. रावळपिंडीचा हा शीख तरुण ऑक्सफर्डला शिकत होता. ब्रिटिश विमानदळांत अधिकारी म्हणून जाण्याची त्याची इच्छा होती, पण हिंदी माणसाला तें दार बंद होतें. तेव्हां त्यानें फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालविली आणि नंतर फ्रेंच विमानदळाकडे विचारणा केली. त्यांनीं ताबडतोब होकार दिला. हें कळतांच ऑक्सफर्डच्या त्याच्या अध्यापकांनीं ब्रिटिश सेनानी हेंडरसन यांना पत्र लिहिलें, कीं साम्राज्याच्या प्रजाजनाला फ्रेंच घेतात आणि आपण घेत नाहीं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. दार उघडलें आणि १९१७ सालीं मलिक भरती झाले. पुढें स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून ते फ्रान्सला गेले. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय त्यांच्याइतका भाग्यवान नव्हता. १९१८ च्या जुलैंत अवघ्या दोन आठवड्यांत दहा विमानांवर विजय मिळवून तो एकोणिसाव्या वर्षीं फ्रान्सच्या आकाशांत पडला. हे दोघे स्वतःच्या देशाच्या विमानदळांत होते कीं परक्याच्या? कायद्याचें उत्तर एक येईल आणि मनाचें दुसरें. मला वाटतें, परकेपण नकाशावरून ठरवितां येत नाहीं. जेथें आपल्यावांचून चालणार होतें आणि आपण न गेल्यास कोणीं जाब विचारला नसता, तेथें जाणें म्हणजे परक्याच्या युद्धांत जाणें. या अर्थानें बुलार्ड, मलिक आणि चॅपमन एकाच रांगेंत उभे राहतात.

यानंतर पैशाचा प्रश्न. स्वयंसेवक आणि भाडोत्री यांतील भेद पगारावरून करावा, असें सामान्यतः मानलें जातें. या समजुतीची कसोटी पाहण्यास १९४१ सालच्या चीनमधील अमेरिकन पथकाइतकें योग्य उदाहरण दुसरें नाहीं. अमेरिकन सैन्यांतून निवृत्त झालेला, कानानें कांहींसा बहिरा असा क्लेअर शेनॉल्ट १९३७ पासून चीन सरकारचा विमानविषयक सल्लागार होता. त्यानें अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या संमतीनें अमेरिकेच्या सैन्यांतून व नौदलांतून सुमारें शंभर वैमानिक आणि त्याहून अधिक यांत्रिक व इतर माणसें मिळविलीं. कागदोपत्रीं ते विमानें बनविणाऱ्या एका कंपनीचे नोकर होते. पासपोर्टावर कोणी शेतकरी, कोणी आणखी कांहीं. करार एका वर्षाचा. सामान्य वैमानिकाला दरमहा ६०० डॉलर, तुकडीच्या नायकाला ६७५, पथकाच्या प्रमुखाला ७५०. म्हणजे अमेरिकन सैन्यांत मिळे त्याच्या दुपटीहून अधिक. आणि करारपत्रांत न लिहिलेलें एक आश्वासन: पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागें ५०० डॉलर. हें आश्वासन पाळलें गेलें. 'फ्लाइंग टायगर्स' या नांवानें पुढें जगभर गाजले ते हेच.

ब्रह्मदेशांतील तौंगू येथें त्यांचें शिक्षण झालें, आणि १९४१ च्या डिसेंबरांत त्यांच्यापैकीं एक तुकडी रंगूनच्या रक्षणासाठीं ब्रिटिश विमानांच्या जोडीस उभी राहिली. त्या काळीं रंगून हें अर्ध्याहून अधिक हिंदी वस्तीचें शहर होतें. गोदीवरचे हमाल, कारकून, दुकानदार आपल्याकडचे. २३ डिसेंबरला पहिला हल्ला झाला तेव्हां हजाराहून अधिक माणसें रस्त्यांवर मेलीं, आणि हजारों हिंदी कुटुंबें आराकानच्या डोंगरांतून पायीं हिंदुस्थानची वाट धरूं लागलीं. त्या दिवशीं आणि पुन्हां नाताळच्या दिवशीं त्यांच्या डोक्यावर जीं थोडीं विमानें शत्रूशीं झुंजलीं, त्यांतील बरींचशीं दरमहा ६०० डॉलर घेणाऱ्यांचीं होतीं. वैमानिक पगारी आहे कीं विनामूल्य, ही चौकशी बाँबखालीं उभा असलेला माणूस करीत नाहीं. तो करीत नाहीं म्हणून आपणहि करूं नये, असें मात्र नव्हे.

पगार घेतल्यानें कोणतेंहि काम नीच होत नाहीं. आम्ही शिक्षक मंडळी विद्यादानाचें पुण्य आणि महिन्याचें वेतन हीं दोन्ही सुखानें पदरांत घालतों. स्वदेशाचा सैनिकहि फुकट लढत नाहीं. ज्याचें काम मरणाच्या दाढेंतलें आणि घर हजारों मैलांवर, त्याला दुप्पट पगार दिला तर त्यांत विटाळ मानण्याचें कारण नाहीं. पण त्या ५०० डॉलरची गोष्ट निराळी आहे. पगार वेळेचा आणि कौशल्याचा असतो. हें बक्षीस एका विमानाचें, म्हणजे बहुधा त्यांत बसलेल्या माणसाचें, होतें. शत्रूला पाडल्यावांचून शहर वांचविणारा, केवळ त्याला हुसकावून लावणारा वैमानिक या हिशेबांत रिकाम्या हातानें परत येतो. बक्षिसामुळें माणसाची नजर रक्षणावरून शिकारीकडे वळते. या पथकाच्या नांवावर २९६ विमानें मांडलीं गेलीं. पुढें जपानी नोंदींशीं ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांना तो आंकडा पुष्कळच फुगलेला आढळला. अर्थात् बक्षीस नसलेल्या विमानदळांतहि असे आंकडे फुगतच असत, तेव्हां सगळा दोष पैशाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तरी हें बक्षीस नसतें तर त्या पथकाविषयीं बोलतांना जीभ थोडी अधिक मोकळी झाली असती.

उलट 'स्वयंसेवक' या शुद्ध शब्दाची विटंबना पैशापेक्षां राज्यांनींच अधिक केली आहे. १९३६ नंतर जर्मनीनें स्पेनच्या यादवींत पाठविलेलें 'काँडोर' दळ जगाला स्वयंसेवकांचें म्हणून सांगण्यांत येई. २६ एप्रिल १९३७ रोजीं बाजाराच्या दिवशीं गेर्निका हें गांव जाळलें तें त्यांनीं, इटालियनांच्या साथीनें. चीनमध्यें अमेरिकनांच्या अगोदर, १९३७ पासून, सोव्हिएत वैमानिक लढत होते. त्यांनाहि स्वयंसेवक म्हणत. आणि त्यांतील दोनशेंहून अधिक तेथेंच मेले. गेर्निका जाळणारे आणि चिनी शहरें राखणारे यांना एका मापानें मोजावें असें कोणी म्हणणार नाहीं. पण दोघांच्याहि मागें खरी इच्छा सरकारची होती, आणि सरकारला आपलें नांव पुढें यावयास नको होतें, एवढ्यासाठीं तो शब्द उसना घेतला गेला.

खऱ्या स्वयंसेवकापुढची अडचण याहून सूक्ष्म आहे. तो एका तत्त्वासाठीं जातो. परंतु तत्त्वाला विमानदळ नसतें, विमानदळ राज्याला असतें. मेरियन कूपर या अमेरिकन वैमानिकाच्या एका पूर्वजानें अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत पुलास्की या पोलिश वीराच्या बाजूला उभें राहून लढाई केली होती. तें ऋण फेडावें म्हणून १९१९ सालीं कूपरनें पोलंडसाठीं अमेरिकन वैमानिकांचें पथक उभारलें आणि त्याला कोस्चियुश्को या दुसऱ्या पोलिश वीराचें नांव दिलें. (पणजोबांचें ऋण पणतवांनीं रक्तानें फेडावें हा हिशेब मला पटत नाहीं, पण तरुणांना तो पटतो.) नुकतेंच स्वतंत्र झालेलें राष्ट्र राखावयाचें, हा हेतु उदात्तच होता. परंतु १९२० च्या वसंतांत पोलिश सैन्य युक्रेनमध्यें शिरून कीव्हपर्यंत गेलें, आणि कूपरचें पथकहि त्याच्याबरोबर गेलें. रक्षण कोठें संपलें आणि आक्रमण कोठें सुरू झालें, याची रेघ आकाशांत काढलेली नसते. कूपर त्या जुलैंत रशियनांच्या हातीं सांपडला आणि पुढल्या वर्षीं कैदेंतून पळून लाटव्हियांत पोंचला. हाच गृहस्थ पुढें 'किंगकाँग' या चित्रपटाचा एक कर्ता म्हणून प्रसिद्धि पावला, आणि १९४२ सालीं चीनमध्यें शेनॉल्टच्या हाताखालीं पुन्हां उभा राहिला. चीनमध्यें तरी पक्ष निर्मळ होता काय? जपानी आक्रमणाविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. पण ज्या सरकारच्या झेंड्याखालीं हे वैमानिक लढले, त्यानेंच १९३८ च्या जूनमध्यें जपान्यांना अडविण्यासाठीं पीत नदीचे बांध फोडले होते, आणि त्या पुरांत त्याचीच लक्षावधि प्रजा बुडाली व देशोधडीला लागली होती. परक्याच्या युद्धांत जाणारा त्याचा न्याय तेवढा निवडून घेऊं शकत नाहीं. त्याचें पापहि त्याच्या वांट्याला येतें.

या अडचणीचें अधिक तीव्र रूप कार्ल गुस्ताव्ह फॉन रोझेन या स्वीडिश वैमानिकाच्या चरित्रांत दिसतें. १९३५ सालीं इटलीनें इथिओपियावर स्वारी केली तेव्हां हा तरुण रेडक्रॉसचें विमान घेऊन तेथें गेला आणि जखमींची ने-आण करूं लागला. १९३९ सालीं रशियानें फिनलंडवर चाल केली असतां तो फिनलंडच्या विमानदळांत शिरला आणि प्रवासी विमानाचें बाँबफेकी विमान करून त्यानें तें चालविलें. नंतर १९६८ सालीं, साठीच्या उंबरठ्यावर, नायजेरियांतून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या वेढलेल्या प्रदेशांत त्यानें झाडांच्या शेंड्यांवरून विमान नेऊन अन्न आणि औषधें पोंचविलीं. तेथील मुलें उपासमारीनें मरत होतीं, आणि धान्य आणणाऱ्या विमानांवर नायजेरियाचीं विमानें बाँब टाकीत होतीं. फॉन रोझेननें मग निराळा मार्ग धरला. त्यानें शिकाऊ वैमानिकांच्या उपयोगाचीं पांच चिमुकलीं स्वीडिश विमानें मिळविलीं, त्यांना अग्निबाण जोडले, आणि २२ मे १९६९ पासून नायजेरियाच्या विमानतळांवर हल्ले सुरू केले.

त्याचा युक्तिवाद सरळ होता. भुकेल्याला घांस देणें पुण्य असेल, तर तो घांस हिसकावून घेणाऱ्याचा हात तोडणें पाप कसें? या प्रश्नाला मला सहजासहजीं उत्तर देतां येत नाहीं, आणि ज्यांना तें सहज देतां येतें त्यांनीं बियाफ्राच्या मुलांचीं त्या काळचीं छायाचित्रें एकदां पाहावीं. परंतु ५ जूनला, म्हणजे पंधरवड्याच्या आंत, नायजेरियानें रेडक्रॉसचें धान्यवाहू विमान पाडलें, आणि रेडक्रॉसला आपलीं उड्डाणें थांबवावीं लागलीं. एका घटनेमुळेंच दुसरी घडली असें सिद्ध करणें कठीण आहे. तरीहि धान्य वाहणाऱ्या वैमानिकाचें संरक्षण, तो लढत नाहीं, या एका विश्वासावर अवलंबून असतें, आणि त्यांच्यांतीलच सर्वांत नांवाजलेल्या माणसानें तो विश्वास मोडला होता. फॉन रोझेननें स्वतःचा जीव धोक्यांत घातला याविषयीं प्रश्न नाहीं. तो त्याचाच होता. धान्यवाहू विमानांतील इतर वैमानिकांना त्यानें विचारलें नव्हतें. १९७० च्या जानेवारींत बियाफ्रा शरण गेला. फॉन रोझेन पुढें पुन्हां इथिओपियांत जाऊन दुष्काळी डोंगरांवर विमानांतून धान्याचीं पोतीं टाकीत राहिला, आणि १९७७ सालीं तेथेंच सोमाली हल्ल्यांत मारला गेला.

शपथ, पगार आणि पक्षाचा न्याय या तिन्ही कसोट्यांवर या माणसांना घासून पाहिलें, तरी पूर्ण समाधान होत नाहीं. मला यांपेक्षां एक चौथी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. परक्याच्या युद्धांत गेलेल्या माणसाला घरीं परत जाण्याची वाट मोकळी असते. ज्यांच्यासाठीं तो लढतो त्यांना ती नसते. चिनी शेतकऱ्याला, पोलिश विद्यार्थ्याला, बियाफ्राच्या आईला राजीनामा देतां येत नाहीं. दोघे एकाच खंदकांत असले तरी त्यांचा धोका एक नसतो, आणि ही विषमता कितीहि मैत्रीनें झांकली तरी झांकली जात नाहीं.

१९४२ च्या एप्रिलांत ती उघडी पडली. ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर लोइविंग येथें असतांना शेनॉल्टच्या वैमानिकांना चिनी सैन्याला धीर यावा म्हणून रणभूमीवरून अगदीं खालून उड्डाण करण्याच्या आज्ञा मिळूं लागल्या. या कामांत मरण्याचा संभव फार आणि उपयोग थोडा, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि लष्करी दृष्टीनें तें चुकीचें नव्हतें. पुष्कळांनीं मिळून राजीनामा लिहून दिला. शत्रूसमोरचा राजीनामा म्हणजे पलायन, असें शेनॉल्टनें उत्तर दिलें, आणि प्रकरण कसेंबसें निवळलें. त्या वैमानिकांना भित्रे म्हणण्याचा अधिकार खुर्चींत बसून लिहिणाऱ्याला नाहीं. ते चार महिने अखंड लढले होते. पण ज्या पायदळाला धीर देण्यासाठीं तीं उड्डाणें होतीं, त्या पायदळापुढें सही करण्यास कोणी कागद ठेवला नव्हता.

याच चीनमध्यें त्यांच्या तीन वर्षें आधीं, १९३८ सालीं, राष्ट्रसभेनें पाठविलेले पांच हिंदी डॉक्टर गेले होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे दोघे आपल्याकडचे. बाकीचे आपलें काम करून एकेक परत आले. त्यांत गैर कांहींच नव्हतें. कोटणीस मागें राहिले. तेथील भाषा शिकले, तेथील परिचारिकेशीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं बत्तिसाव्या वर्षीं वारले. तेव्हां त्यांचा मुलगा चार महिन्यांचाहि झाला नव्हता. त्यांनीं शस्त्र हातीं घेतलें नाहीं, म्हणून वैमानिकांशीं त्यांची तुलना पूर्णपणें लागू पडत नाहीं हें खरें. परंतु परतीच्या वाटेचें काय केलें, या एका प्रश्नापुढें डॉक्टर आणि वैमानिक यांत भेद राहत नाहीं.

शेनॉल्टच्या पथकाचा करार ४ जुलै १९४२ रोजीं संपला. अमेरिका तोंपर्यंत स्वतःच युद्धांत उतरली होती, आणि या वैमानिकांनीं तेथेंच अमेरिकन सैन्यांत दाखल व्हावें अशी वरिष्ठांची इच्छा होती. ती सांगण्याची वरिष्ठांची रीत इतकी उर्मट होती, आणि वैमानिक आजारानें व थकव्यानें इतके जेरीस आले होते, कीं शंभरांतील अवघे पांच कबूल झाले. बाकीच्यांना घर आठवत होतें. पण नवे वैमानिक अद्याप पुरेसे आले नव्हते, तेव्हां निदान दोन आठवडे तरी थांबा अशी विनंति शेनॉल्टनें केली. कांहीं थोडे थांबले.

त्यांत जॉन पेटॅक हा एक होता. पथकांतीलच एका परिचारिकेशीं त्याचा त्या फेब्रुवारींत विवाह झाला होता, आणि तिला दिवस गेले होते. १० जुलैला लिनच्वान या गांवावरील जपानी ठाण्यावर बाँब टाकण्यासाठीं तो खालीं झेंपावला असतां जमिनीवरच्या तोफेचा गोळा लागून त्याचें विमान कोसळलें. करार संपून त्या वेळीं सहा दिवस झाले होते. मुलगी पुढल्या वर्षीं फेब्रुवारींत जन्मली.